दोन सोंडांची दीर्घिका

माणसं पहिल्यांदा भेटली की मला दोनच गोष्टी विचारतात. मूर्तीचे डोळे काढताना हात थरथरतो का, आणि आमच्या मंडळाला जरा कमी भावात जमेल का. पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचंही नाही.

मी पेणची. गणपतीच्या कारखान्यात माझी हयात आखणी करण्यात गेली. आखणी म्हणजे डोळे, भुवया, गंध, नखांच्या रेघा. हे काम सगळ्यात शेवटचं. आधी मातीत नमुना घडवतात, त्यावरून साचा काढतात, साच्यातून मूर्तीचा पुढचा भाग वेगळा आणि पाठ वेगळी निघते. मग दोन्ही जोडतात, सांधा घासून बेमालूम करतात, रंग देतात. एवढं सगळं झालं तरी आमच्या भाषेत तो मालच असतो. 'आज टेम्पोत किती माल भरला?' असं आम्ही बेधडक विचारतो. डोळे उघडले की मात्र कोणी माल म्हणत नाही, आवाजसुद्धा खाली येतो. इतक्या वर्षांत हा नियम कोणी कोणाला शिकवलेला मी ऐकला नाही, पण मोडलेलाही पाहिला नाही.

यजमान गेल्यावर कारखाना मी चालवला. आता सूनबाई चालवते. मी दाराशी खुर्ची टाकून लक्ष ठेवते, म्हणजे तिच्या मते अडथळा आणते.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची पाहिली. एका केमिकल कंपनीच्या साहेबांना सुरक्षा सप्ताहासाठी हेल्मेट घातलेला गणपती हवा होता. मुकुट काढायचा की मुकुटावर हेल्मेट, यावर त्यांची मीटिंग झाली म्हणे. शेवटी हेल्मेट उंदराला घातलं आणि साहेब समाधानाने गेले. परदेशी राहणाऱ्या एका बाईंना सामानाच्या पेटीत मावेल अशी मूर्ती हवी होती, त्यासाठी सोंड काढता-घालता येईल का असं त्यांनी विचारलं. आमचे नाना त्या दिवशी जेवले नाहीत.

नाना म्हणजे आमचे सगळ्यात जुने कारागीर. माती आणि साचा त्यांच्याकडे, रंग आणि डोळे माझ्याकडे, अशी आमची वाटणी सासऱ्यांच्या वेळेपासूनची. धरमतरच्या खाडीकडचा माणूस. बोलायला कमी आणि ऐकायला त्याहून कमी. नानांचं एकच व्रत होतं. उजव्या सोंडेची मूर्ती ते सहजासहजी करत नसत. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळं पाळावं लागतं, नैवेद्याला उशीर चालत नाही, असं आमच्याकडे मानतात. म्हणून कोणी मागितली तर नाना आधी घरात कोण कोण आहे, सकाळी कोण लवकर उठतं, पूजा कोण करणार, अशी चौकशी करायचे. पसंत पडली तर करायचे, नाहीतर डावी करून हातात द्यायचे. गिऱ्हाईक भांडायचं, मी समजूत काढायचे, आणि पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक डावी मागायचं. त्यामुळे नानांना आपलं बरोबरच असतं असं वाटायला लागलं, आणि त्याला माझाही हातभार लागला असणार.

आता मुख्य गोष्ट सांगते.

आषाढात, म्हणजे आमच्याकडे श्वास घ्यायला सवड नसते त्या दिवसांत, रोह्याची एक मुलगी आली. अनघा तिचं नाव. तिने लॅपटॉप उघडला आणि एक चित्र दाखवलं.

"काकी, हे मातीत उठावाचं करून मिळेल? हाताला कळेल असं."

मी चष्मा पुसून पाहिलं. काळ्या पार्श्वभूमीवर मध्ये पोळपाटावर लाटणं आडवं ठेवावं तसा एक पिवळसर दांडा. दांड्याच्या एका टोकातून एक वळसा निघून वर गेलेला, दुसऱ्या टोकातून दुसरा खाली. त्यांच्यावर निळी चमक, मध्ये मध्ये गुलाबी ठिपके.

"मखराची डिझाइन आहे का?" मी विचारलं.

"नाही. दीर्घिका आहे. म्हणजे ताऱ्यांची प्रचंड वस्ती. आपला सूर्य असतो ना, तसे अब्जावधी."

ती हीच दीर्घिका गेली कित्येक वर्षं पाहत होती. तेच तिचं काम, त्याचाच पगार. त्या दीर्घिकेला नाव नाही, नुसती अक्षरं आणि आकडे आहेत, गाडीच्या नंबरप्लेटसारखे. तिच्याकडून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायला कोट्यवधी वर्षं लागतात. मधला दांडा पिवळा कारण तिथले तारे म्हातारे, वळसे निळे कारण तिथले तरणे, आणि गुलाबी ठिपके म्हणजे जिथे तारे नव्याने जन्म घेतायत त्या जागा. दांड्याच्या कडेने काळपट रेघ आहे ती धुळीची. दांडा आपल्या भोवतीच्या वायूला ढकलत ढकलत मध्यभागी नेतो असं तिच्यासारख्या अभ्यासकांना वाटतं. 'वाटतं' हा शब्द ती फार वापरायची. पाहिलेलं आणि वाटलेलं यांची तिची दोन वेगळी गाठोडी होती, आणि ती कधी एकात एक मिसळत नव्हती.

"पण हाताला कळेल असं कशाला?"

तिने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "अण्णांसाठी. माझ्या वडिलांसाठी."

अण्णांची नजर काचबिंदूने गेली होती. मुलीने हे काम धरलं त्याच सुमाराला. म्हणजे ती रोज काय बघते ते त्यांनी एकदाही पाहिलेलं नव्हतं. आता तिला दक्षिण अमेरिकेतल्या एका दुर्बिणीवर नोकरी मिळाली होती. आई नव्हती. शेजारी आत्या होती, ती अण्णांचं सगळं करायला तयार होती. पण अण्णा तोंडातून 'जा' म्हणत नव्हते. 'नको'ही म्हणत नव्हते. विषय निघाला की रेडिओ लावायचे.

"एकदाच बोलले," अनघा म्हणाली. "म्हणाले, जे कोणाला दिसत नाय त्याच्यापायी घर सोडतेस. काकी, ते 'जा' म्हणाले नाहीत तर मी जाणार नाही. तसं कळवून टाकीन."

मी ऑर्डर घेतली. सूनबाईने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा सांगायला आत गेले.

दोन दिवसांनी ती अण्णांना घेऊनच आली. उंच, ताठ माणूस, पांढरा सदरा, आणि काखेत पाट. आमच्याकडे गणपती सांगायचा तर गिऱ्हाईक आपल्या घरचा पाट कारखान्यात आणून देतं, त्या पाटावर त्याची मूर्ती बसते. ही रीत. अनघा संकोचून म्हणाली, "मी नको म्हणत होते. अण्णा ऐकेनात."

"पाटाबिगर घरात काय येत नाय," अण्णा म्हणाले आणि पाट पुढे केला. नानांनी दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला.

मी अण्णांना खुर्ची दिली. ते रेल्वेत होते, रोह्याच्या स्टेशनात पॉइंट्समन. काय काम असतं, मी विचारलं, कारण दुसऱ्याचं काम समजून घ्यायची मला खोड आहे. ते खुलले.

"न थांबता जाणारी गाडी दोन्ही बाजूंनी बघायला लागते, ताई. मास्तर फलाटावर हुबा, आमी पलीकडं, रुळांच्या त्या अंगाला. चाक तापलंय, दार लोंबतंय, कायतरी घासतंय, ते एका बाजूनं नाय दिसत. पलीकडनं सगळं ठीक असलं की आमी हिरवा बावटा दाखवायचा. फलाटावरच्या लोकांना वाटतं मास्तरच गाडी सोडतो. आमच्याकडं कोन बघतंय? मधी गाडी असते."

"पूर्ण नोकरी पलीकडेच?"

"पूर्ण नोकरी."

अनघाने त्या बोलण्यात आपली दीर्घिका घुसवायचा प्रयत्न केला. ती आपल्यापासून दूर दूर जातेय, म्हणून तिचा उजेड जरासा लालीकडे सरकलेला असतो, त्यावरून अंतराचा अंदाज येतो. अण्णा म्हणाले, "म्हंजे शेवटच्या डब्याचा लाल दिवा." अनघा म्हणाली, "तसं नाही अण्णा, पण… हो, तसंच समजा." त्यावर अण्णांनी मान वळवली. समजूत काढल्यासारखं उत्तर आंधळ्या माणसाला लगेच कळतं. जाताना गाडीत बसेपर्यंत ते तिच्याशी बोलले नाहीत. मला त्या पोरीची फार दया आली.

मापाचं ठरलं. मोठ्या परातीएवढी तबकडी. जिथे उजेड जास्त तिथे उंचवटा. म्हाताऱ्या ताऱ्यांचा भाग गुळगुळीत, तरण्यांचा रवाळ, गुलाबी ठिपक्यांच्या जागी मोहरीएवढे दाणे, धुळीच्या जागी खोल चर. रंग नाही. मी पातळ कागदावर चित्र त्या मापात छापून घेतलं आणि नानांकडे दिलं. त्याच आठवड्यात भाचीच्या साखरपुड्याला मला कोलाडला जावं लागलं, आणि नातेवाइकांनी आग्रह करून ठेवून घेतलं. परत आले तर नानांचा नमुना होऊन, साचा निघून, तबकडी वाळायला ठेवलेली.

सुरेख उतरली होती. मी रवाळपणा आणायला शेजारी सूनबाईच्या लॅपटॉपवर चित्र लावून बसले. एक हात इकडे, एक नजर तिकडे. थोडा वेळ मला वाटलं माझाच मोतीबिंदू वाढला. चित्रात वळसे उजवीकडे वळले होते. तबकडीवर डावीकडे.

"नाना, कागद उलटा ठेवलात का?"

"व्हय."

"चुकून?"

"चुकून कशाला? मीच उलटा केला." ते माती मळत होते, मान वर केली नाही. "पाट आलाय, वैनी. पाटावर बसणार म्हंजे देवघरात जाणार. दोन सोंडा, दोनीपन उजव्या. एक सांभाळताना मान्साच्या नाकी नऊ येतात. पोरगी परदेशी चालली, म्हातारा आंधळा. सोवळं कोन पाळंल?"

"अहो, ती सोंड नाही. तारे आहेत ते."

"आसतील. वळलेत तर उजवीकडंच ना."

मला हसूही आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. बाहेर येऊन अनघाला फोन केला. मला वाटलं होतं, डावं-उजवं म्हटल्यावर ती म्हणेल चालेल, अण्णांना थोडंच कळणार आहे.

ती म्हणाली, "नाही काकी. नाही चालणार. आपल्याला दिसते ती अशी उजवीकडेच. अण्णांना दिसत नाही म्हणून मी त्यांना उलटी दीर्घिका देऊ? मग मी त्यांना काहीच दाखवलं नाही असं होईल."

म्हणजे तिचंही सोवळंच होतं, आणि नानांपेक्षा कडक.

तिची नोकरीचं उत्तर कळवायची मुदत जवळ आली होती. नानांना मी पुन्हा सांगून पाहिलं. ते म्हणाले, "दुसऱ्याकडनं करून घ्या. मी नाय." पेणमध्ये त्या दिवसांत दुसऱ्याकडून म्हणजे कोणाकडून? प्रत्येक हात गणपतीत. सूनबाई म्हणाली, "आई, मग तुम्हीच करा की. दिवसभर आम्हाला शिकवताच." मी आयुष्यात ब्रश सोडून काही धरलं नव्हतं. पण अपमान झाला की माझे हात चालतात. कागद सुलटा ठेवला, शाडू घेतली आणि बसले. दांडा पहिल्यांदा दुधीभोपळ्यासारखा झाला, तो मोडला. दुसऱ्यांदा बरा झाला. नाना समोर बसून सगळं बघत होते आणि मदत न करण्याचे कष्ट त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. तिसऱ्या दिवशी न राहवून म्हणाले, "वळशाला बुडात माती कमी पडते. आंगठा वला करून लावा." पुढे साचाही त्यांनीच काढला. साचा काढणं म्हणजे मूर्ती करणं नव्हे, असं त्यांनी मला न विचारता सांगितलं.

माझी उजवी तबकडी तयार झाली. नानांच्या तबकडीच्या शेजारी ठेवली तर कारागीर कोण आणि आखणीवाली कोण हे लांबून कळत होतं. तरी रवाळ ते रवाळ, गुळगुळीत ते गुळगुळीत, सगळं जागच्या जागी होतं. मी नानांची तबकडी उचलायला लागले, तशी त्यांनी हात आडवा घातला.

"ती मोडायची नाय. पाटावर बसली ती."

"दोन-दोन देऊ का त्यांना?"

"ते तुमी बघा."

अनघा आणि अण्णा आले तेव्हा दोन्ही तबकड्या टेबलावर होत्या. अण्णांना सूनबाईने बाहेर चहाला बसवलं. मी अनघाला सगळं सांगितलं, सोंडेसकट. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग हसता हसता ती थांबली. एक तबकडी उचलली, दुसरीच्या पाठीला पाठ लावून धरली, मान इकडून तिकडे केली.

"काकी, ही उलटी नाही. ही पाठ आहे."

"कोणाची?"

"दीर्घिकेचीच. तिच्या पलीकडे जाऊन पाहिलं तर वळसे असेच डावीकडे दिसतील. काचेवर काढलेली नक्षी मागून बघावी तसं."

नाना लगेच म्हणाले, "मग मी चुकलो कुटं? मी पाठ केली."

पण तिचा चेहरा उतरला. "पण ती मी पाहिलेली नाही. कोणीच नाही. आपण कायम या बाजूला. पलीकडे जाणं शक्यच नाही, आपल्या हयातीत काय, कोणाच्याच. पाठ अशी असेल असं आम्हाला वाटतं, एवढंच."

"मग तसं सांग त्यांना," मी म्हटलं. "हे पाहिलेलं, हे वाटलेलं. तुझी दोन गाठोडी."

ती हो म्हणाली. नानांनी तेवढ्यात प्लास्टर कालवायला घेतलंही होतं. सांधा त्यांनी स्वतः केला, दांड्यामागे दांडा, वळशामागे वळसा, केसभरही इकडेतिकडे नाही. खाली बैठक दिली, म्हणजे उभी राहील. उजव्याच्या पाठीशी डावी आली म्हणून त्यांच्या मनातलं सोवळ्याचंही मिटलं असावं, कारण ते गुणगुणत होते. नाना गुणगुणतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

सांधा धरायला वेळ लागला. मग तबकडी पाटावर ठेवली आणि अण्णांना आत आणलं. अनघाने त्यांचा उजवा हात पुढच्या बाजूला लावला.

"हा मधला दांडा, अण्णा. गुळगुळीत लागतो ना? हे म्हातारे तारे. इथून वळसा सुरू. आता खरखरीत लागेल. हे दाणे, इथे नवीन तारे होतायत. हे सगळं मी पाहिलंय."

त्यांचं बोट वळशावरून फिरत टोकापर्यंत गेलं, तिथून परत फिरलं. दुसऱ्या वळशावर गेलं. अनघाचा श्वास मला ऐकू येत होता. मग त्यांचा डावा हात आपोआप मागे गेला. मागेही उंचवटा लागला तसे ते थबकले.

"ही कुठली बाजू?"

"पलीकडची," अनघा म्हणाली. "ही मी पाहिलेली नाही, अण्णा. खोटं सांगत नाही. ही कोणालाच कधी दिसणार नाही. अशी असेल असं वाटतं."

अण्णांनी दोन्ही हातांत ती तबकडी धरली. उजवा हात पुढे, डावा मागे, आणि दोन्ही एकदम चालायला लागले. दांड्यावरून, वळशावरून, दाण्यावरून दाण्यावर. फार सावकाश, कुठेही घाई नाही, एकही जागा न सोडता. डब्यामागून डबा जावा तसे त्यांचे हात कडेपर्यंत गेले, शेवटाला पोचले आणि थांबले. कारखान्यातल्या पोरींनी ब्रश खाली ठेवले होते.

मग अण्णांनी मागचा हात काढून घेतला. प्लास्टरने तो पांढरा झाला होता. त्यांनी तो कोपरापासून ताठ आडवा धरला, जणू काठीला बावटा आहे.

"पलीकडनं ठीक हाय," ते म्हणाले. "सोड गाडी."

अनघाला पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं, आणि तिने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी डोळे आखणारी बाई, पण त्या वेळी माझ्याच डोळ्यांना काही दिसत नव्हतं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. अण्णांचा हात तसाच आडवा होता. गाडी पूर्ण निघून जाईपर्यंत तो खाली घ्यायचा नसतो, असं त्यांनी नंतर मला सांगितलं.